बस वेळेवर येऊ द्या : मराठवाड्यातल्या शहरांत शहर बस कशी उभी करावी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सकाळी दहाच्या सुमाराला तिथे अर्धा तास उभं राहा. क्लासला निघालेली मुलं सायकलवर, मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणारे छोटे टेम्पो, सीट भरायला थांबलेले ॲपे म्हणजे टमटम, दुकानासमोर आडव्या लावलेल्या दुचाक्या, आणि या सगळ्यातून वाट काढत दवाखान्याला निघालेली एखादी म्हातारी. तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस एकच उपाय सांगतो, रस्ता रुंद करा. त्या म्हातारीला रुंद रस्ता ओलांडणं आणखी अवघड जाईल, हे मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही.

मी काही वर्षं विद्यार्थ्यांना सोबत घेऊन आपल्या भागातल्या शहरांत वाहतुकीची मोजणी करतो आहे. त्यातून शिकलेला कामाचा क्रम इथे मांडतो. मनपातले अभियंते, नगरसेवक, वॉर्डात काम करणारी मंडळी यांना तो वापरता यावा एवढीच इच्छा आहे. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभा असा, की वाहनं नव्हे तर माणसं हलवण्याचा विचार करा. पुढचं सगळं त्याला धरून आहे.

आपली शहरं किती मोठी आहेत हे आधी ध्यानात घेऊ. २०११ च्या जनगणनेत तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, पावणेबारा लाखांचं होतं. नांदेड साडेपाच लाख, लातूर ३.८३ लाख, परभणी तीन लाखांच्या थोडं वर, जालना २.८५ लाख. त्यानंतर सगळीच वाढली. तरी संभाजीनगर सोडलं तर बहुतेक लोकांचा रोजचा प्रवास पाच-सहा किलोमीटरच्या आतला आहे. अशा शहराला मेट्रोचं स्वप्न दाखवण्यात वर्षं वाया जातात. इथे चालणं, सायकल, टमटम आणि नेमाने येणारी बस या चारांची घडी बसली की बरंच काम होतं.

पहिलं काम : मोजणी

मोजणीशिवाय आखलेला मार्ग कागदावरच राहतो. एका शहरात, नाव घेत नाही, कार्यालयात बसून मार्ग ठरवले गेले. ज्याने आग्रह धरला त्याच्या वस्तीतून गाडी वळवली. नव्या लेआउटच्या मोकळ्या प्लॉटांमधून बस फिरायची आणि सरकारी दवाखान्याचं फाटक तिच्या वाटेपासून चांगलं लांब राहायचं. आम्ही तीन दिवस त्या बसमध्ये बसलो. बरेचदा आम्ही, चालक आणि वाहक एवढेच. पुढे ती फेरी बंद झाली आणि "आमच्या गावात बस चालतच नाही" असा शेरा मात्र कायमचा बसला. तो अजून माझ्या मनाला लागून आहे.

मोजणीसाठी मंगळवार, बुधवार, गुरुवार धरा. शाळा-कॉलेज सुरळीत चालू असण्याचे महिने घ्या. जुलैचा शेवट किंवा जानेवारी चांगली. लग्नाची दाट तिथी, दिवाळीची सुटी, परीक्षा टाळा. आठवडी बाजाराचा दिवस मात्र वेगळा मोजा, कारण त्या दिवशी शहर दुसरंच असतं. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते रात्री आठ, दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना करा.

वाहनं मोजताना त्यात किती माणसं बसलीत हेही लिहा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या कोष्टकात मोटारीला १ धरलं तर दुचाकीचा रस्त्यावरचा भार जास्तीत जास्त ०.७५ आणि बसचा ३.७ धरतात. चाळीस माणसं दुचाकीवरून निघाली आणि एका गाडीवर सरासरी दीड माणूस धरला, तर सत्तावीस दुचाक्या होतात, म्हणजे भार वीसच्या आसपास. तीच माणसं एका बसमध्ये बसली तर ३.७. हे गणित फळ्यावर मांडून दाखवलं की सभेतला सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

पायी चालणाऱ्यांचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतोच. तो हाताने आखून घ्या. रस्ता ओलांडणाऱ्यांचा आणखी एक.

दुसरी मोजणी दारावरची. सरकारी दवाखाना, मोठं कॉलेज, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, मोंढा, एमआयडीसीचं फाटक. येणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा : कुठून आलात, कशाने आलात, किती पैसे पडले. उत्तर त्याच्या शब्दांत लिहा. "पाण्याच्या टाकीपाशी", "दर्ग्यामागं", "नाक्याच्या पलीकडं" असंच लोक सांगतात आणि नकाशावर ते सापडतं. बायकांना चौथा प्रश्न विचारा आणि विचारणारी बाईच असू द्या : गाडी नाही म्हणून कुठे जायचं टाळता? संध्याकाळचा क्लास, दुसऱ्या पाळीचं काम, माहेरची फेरी, अशी उत्तरं येतात. रस्त्यावर न दिसणारा प्रवास असा कळतो.

तिसरी मोजणी टमटममध्ये बसून करायची. शहराचा खरा मार्ग-नकाशा टमटमवाल्यांच्या डोक्यात असतो. कोणत्या चौकात सीट भरते, कुठे रिकामी होते, किती वाजता धंदा बसतो, हे तो चहा पिता पिता सांगतो. त्याच्याकडून शिकायला संकोच करू नका.

दुसरं काम : थोडे आणि सरळ मार्ग

दहा बस आणि सहा मार्ग असं वाटप केलं की प्रत्येक मार्गावर बस तासाला एखादी येते आणि कुणीच तिच्या भरवशावर राहत नाही. त्याच दहा बस एका मार्गावर टाका, दर दहा मिनिटांना गाडी दिसेल. पहिल्या टप्प्यात मोठ्या शहरात तीन आणि लहानात एकच मार्ग घ्यावा, यावर मी ठाम आहे. बाकीच्या वॉर्डांची नाराजी येते. तेव्हा मोजणीचे कागद पुढे ठेवावेत आणि दुसऱ्या टप्प्याची तारीख लेखी द्यावी.

मार्ग शहराच्या एका टोकाकडून मध्यातून दुसऱ्या टोकाला जाऊ द्या. सगळ्या गाड्या स्टँडपाशी संपवल्या की तिथे गर्दी होते आणि पुढे जाणाऱ्याला दुसरं वाहन शोधावं लागतं. नांदेडचंच बघा. सिडको-हडको या वसाहती गोदावरीच्या दक्षिणेला, कचेऱ्या, बाजार आणि स्टेशन उत्तरेला. सिडकोपासून पूल ओलांडून वजिराबाद, स्टेशन आणि तरोडा नाका अशी एकच रेघ ओढली तर शहराचा कणा सापडतो. जुना आणि नवा जालना कुंडलिका नदीने वेगळे झालेत, तिथेही पुलावरून जाणारा मार्ग पहिला. संभाजीनगरात वाळूज आणि चिकलठाणा या दोन औद्योगिक भागांना जोडणारी रेघ जालना रोडवरून जाते. एकट्या त्या रेघेला पुरेशा गाड्या मिळाल्या तरी मोठा फरक पडेल.

"आमच्या गल्लीतून थोडी वळवा" ही मागणी येतेच. तिचं गणित करून बघा. वळसा चार मिनिटांचा आहे आणि गाडीत तीस जण बसलेत, म्हणजे १२० मिनिटं गेली. त्या वळणावर पाच जण चढतात आणि प्रत्येकाचं दहा मिनिटांचं चालणं वाचतं, म्हणजे ५० मिनिटं मिळाली. वळसा नको. पण वळणावर डायलिसिस केंद्र किंवा अपंग मुलांची शाळा असेल, तर गणित बाजूला ठेवून गाडी वळवावी.

तिसरं काम : वेळापत्रक

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात कमी वेळ याच्यावरच खर्च होतो. म्हणून इथे थोडा थांबतो.

आधी किती गाड्या लागतील ते काढा. मार्गावर सर्वांत जास्त गर्दी कोणत्या दोन थांब्यांमध्ये असते ते मोजणीतून कळतं. समजा त्या टप्प्यात गर्दीच्या तासाला एका दिशेने २४० माणसं जातील. एका गाडीत आरामात ४० धरा. म्हणजे तासाला सहा गाड्या, दर दहा मिनिटांना एक.

आता फेरीचा वेळ. मार्ग नऊ किलोमीटरचा आणि बाजारातून गाडीचा सरासरी वेग तासाला १५ किलोमीटर असेल, तर एका बाजूला ३६ मिनिटं, जाऊन-येऊन ७२. दोन्ही टोकांना सहा-सहा मिनिटांची विश्रांती धरून ८४. या ८४ ला १० ने भागलं की ८.४ येतात, म्हणजे प्रत्यक्षात नऊ गाड्या. त्यावर दुरुस्तीसाठी एक राखीव.

ही ८४ मिनिटं ८० झाली तर आठ गाड्यांत काम भागतं. चार मिनिटं कुठे मिळतील? आमच्या अनुभवात ती दोन-तीन ठिकाणी अडकलेली असतात : बाजारातल्या एखाद्या तोंडाला लागलेल्या चारचाकी, चौकाच्या अगदी कोपऱ्यावर सीट भरणारे ॲपे, एक चुकीचा सिग्नल. तिथे पट्टे मारून पार्किंग हलवलं आणि सकाळ-संध्याकाळ एक पोलीस उभा केला, की अख्ख्या एका बसचे पैसे वाचतात. नवीन बस मागण्याआधी ही चार मिनिटं शोधा. विश्रांतीची मिनिटं मात्र कापू नका. चालकाला पाणी प्यायला आणि उशीर भरून काढायला तीच लागतात.

वेळ लक्षात राहील अशी ठेवा. दर १०, १२, १५, २० किंवा ३० मिनिटांनी, म्हणजे तासागणिक तेच मिनिट येतं. "आमच्या थांब्यावर पाच, वीस, पस्तीस, पन्नासला येते" हे शेजारीण शेजारणीला सांगू शकली की जाहिरातीची गरज राहत नाही. १४ किंवा २३ मिनिटांचं अंतर कुणाच्या डोक्यात राहत नाही.

चालकांचा हिशेब विसरू नका. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ नुसार, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेईपर्यंत, दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागत होती. सकाळी सहा ते रात्री नऊ गाडी चालवायची तर दोन पाळ्या, साप्ताहिक सुट्या आणि रजा धरून एका गाडीमागे साधारण अडीच चालक हवेत. नऊ गाड्यांना तेवीस. अठरांवर भागवायला गेलात तर पहिल्याच लग्नसराईत फेऱ्या रद्द होतील.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००९ च्या सेवा मानकांत हजार लोकसंख्येमागे ०.६ बस उत्तम आणि ०.२ च्या खाली सर्वांत कनिष्ठ श्रेणी मानली आहे. लातूरच्या २०११ च्या लोकसंख्येला ०.२ ने गुणलं तरी ७७ गाड्या होतात. हा आकडा बघून हातपाय गाळू नका. वीस गाड्या नीट चालवणाऱ्या शहराला पुढच्या वीस मागण्याचा हक्क मिळतो.

थांबा, सावली आणि चालण्याची वाट

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी एकला पत्र्याच्या शेडखाली उभं राहून पाहा, मग लोक टमटमला हात का करतात ते कळेल. पत्रा तापून खाली भट्टी होते. शक्य तिथे थांबा जुन्या लिंबाच्या किंवा वडाच्या सावलीला घ्या. शेड बांधलीच तर पश्चिमेची बाजू झाका, कारण तीन ते सहाचं ऊन तिकडून येतं. शेजारी पाण्याचा रांजण ठेवायला एखादं मंडळ आनंदाने तयार होतं.

दोन थांब्यांमध्ये ४०० ते ५०० मीटर अंतर असू द्या. थांबा चौक ओलांडल्यावर ठेवा. चौकाआधी ठेवला की बस सिग्नलला आणि थांब्याला अशी दोनदा अडते, आणि लोक बसच्या पुढून रस्ता ओलांडतात. पाटीवर मार्ग क्रमांक, मुख्य ठिकाणं आणि वेळा मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्या शहरांत मराठीसोबत उर्दूतही लिहिलं तर अनेकांची सोय होते. नांदेडला गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर गुरुमुखीही हवी.

थांब्यापर्यंत चालत येण्याची वाट नसेल तर बस असून नसल्यासारखी. रस्ते काँग्रेसच्या नियमांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे तो गुडघ्याएवढा उंच आणि दर दुकानापाशी तुटलेला असतो, म्हणून माणूस खालून चालतो. २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडच्या काही रस्त्यांवर पदपथ, सायकल मार्ग आणि झाडं अशी एकत्र आखणी झाली होती. मराठवाड्यात हे होऊ शकतं याचा तो पुरावा आहे. ते रस्ते मुद्दाम चालून पाहा. टिकलेलं काय आणि मोडलेलं काय, दोन्ही शिकवतं.

हातगाडेवाल्यांना थांब्यावरून हुसकावू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्यासाठी समितीची तरतूद केली आहे. तिच्यासमोर थांब्याचा आराखडा ठेवा आणि पट्टे आखून जागा द्या. रात्री आठला थांब्याजवळ रसवंती किंवा भजीचा गाडा चालू असेल तर तिथे एकट्या मुलीला उभं राहायला भीती वाटत नाही.

टमटम

बस आली की आपल्या पोटावर पाय येईल असं टमटमवाल्याला वाटतं, आणि त्याची भीती खरी आहे. मार्ग जाहीर होण्याआधी संघटनेला बोलवा. बसचा मार्ग मुख्य रस्त्यावर, टमटम आतल्या वस्त्यांतून त्या रस्त्यापर्यंत, अशी वाटणी मांडा. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून त्या आतल्या मार्गांचे शेअर दर आणि स्टँड मंजूर करून घ्या. स्टँड बसथांब्यापासून तीस-चाळीस पावलांवर हवा. थांब्याच्या तोंडावरही नको आणि नजरेआडही नको. पहिल्या बैठकीत आरडाओरडा होईल. तिसऱ्या बैठकीत लोक कामाचं बोलू लागतात.

यासोबत एक आठवण ठेवावीशी वाटते. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, १९३२ मध्ये, तिथली सार्वजनिक बससेवा रेल्वेच्याच खात्याने २७ गाड्यांनिशी सुरू केली होती. आगगाडी आणि बस एकाच घरची. आज परभणीसारख्या जंक्शनला पहाटे गाडीतून उतरलेल्या माणसाला वस्तीपर्यंत सोडणारी बस वेळापत्रकात बसवायची असेल, तर त्यासाठी मुद्दाम पत्रव्यवहार करावा लागतो. तो करा.

पैशाचा हिशेब उघड मांडा

उदाहरणापुरते आकडे घेऊ. एक बस दिवसाला १८० किलोमीटर धावते आणि किलोमीटरला ६० रुपये खर्च येतो, म्हणजे १०,८०० रुपये. दिवसाला ४०० प्रवासी, सरासरी तिकीट १२ रुपये, म्हणजे ४,८००. रोजची तूट ६,०००. दहा गाड्यांची वर्षाची तूट २ कोटी १९ लाख. हा आकडा अर्थसंकल्पात पहिल्याच दिवशी वेगळ्या शीर्षाखाली दाखवा. पथदिव्यांतून नफा झाला का असं आपण विचारत नाही. बसचंही तसंच आहे, पण ते सभागृहाने समजून-उमजून मंजूर केलेलं असावं.

गुत्तेदारामार्फत, म्हणजे कंत्राटदारामार्फत, चालवायची तर दोन प्रकार आहेत. तिकिटाचे पैसे त्यालाच दिले तर तो गर्दीच्या वेळी माणसं कोंबतो आणि दुपारच्या, रात्रीच्या फेऱ्या गाळतो. किलोमीटरमागे पैसे दिले तर फेऱ्या होतात, पण थांब्यावर थांबायची त्याला गरज वाटत नाही. मी दुसरा प्रकार सुचवतो. तिकिटाचा पैसा मनपाकडे, गुत्तेदाराला किलोमीटरमागे दर, आणि गाळलेली फेरी, सोडलेला थांबा, बंद दरवाजा यांना ठरलेला दंड. सोबत तीन महिन्यांच्या बिलाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात अडकवून ठेवा. थकलेल्या बिलांनीच सेवा मरते : आधी डिझेल संपतं, मग पगार थांबतो, मग गाड्या आगारात उभ्या राहतात आणि त्यांचे टायरसुद्धा शिल्लक राहत नाहीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा योजना याच किलोमीटरच्या तत्त्वावर आहे. एकूण ५७,६१३ कोटींची योजना, त्यात केंद्राचे २० हजार कोटी, दहा हजार ई-बस, आणि दहा वर्षं चालवण्यासाठी मदत. २०११ च्या जनगणनेतली तीन लाख ते चाळीस लाखांची शहरं तिच्या कक्षेत येतात. ई-बस घेताना आगाराची जागा आणि वीजजोडणी आधी मिळवा. गाड्या आल्या आणि चार्जिंग नाही ही वेळ येऊ देऊ नका. उन्हाळ्यात वातानुकूलन चालू ठेवून एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते, ते आपल्याच रस्त्यावर तपासून मग फेऱ्या ठरवा. संभाजीनगरात २०१९ च्या सुरुवातीला स्मार्ट सिटीच्या बस सुरू झाल्या तेव्हा गाड्या एका संस्थेच्या आणि चालवणं एसटीकडे, अशी व्यवस्था होती. अशा मांडणीत मालक कोण, चालवणारा कोण, तोटा कोण भरणार, हे प्रत्येक कलमात स्पष्ट लिहावं.

सुरू झाल्यावर

सहा महिने मार्ग आणि वेळा बदलू नका. लोकांना सवय लागायला तेवढा काळ लागतो. रोज सकाळी एका जबाबदार माणसाने कालचे तीन आकडे बघायचे : ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती झाल्या, मार्गाच्या मध्यावरच्या थांब्यावर किती गाड्या वेळेवर पोचल्या, आणि कोणत्या टप्प्यात भारमान किती, म्हणजे गाडी किती भरलेली. मध्यावरचा थांबा मुद्दाम सांगतो आहे. आगारातून गाडी वेळेवर सुटतेच. उशीर बाजारात होतो. जीपीएस बहुतेक गाड्यांत असतं, त्याच्याकडे रोज बघणारा माणूस नेमणं हे खरं काम. वाहक आणि वाहतूक नियंत्रकांची दर सोमवारी अर्धा तास बैठक घ्या. कुठल्या वळणावर वाळूचा ढीग पडलाय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

शेवटची फेरी कधीही गाळू नका, गाडीत दोन माणसं असली तरी. रात्री परत न्यायला गाडी आहे याची खात्री असते म्हणून दुसऱ्या पाळीची परिचारिका सकाळीही बसने येते. एका रात्री ती स्टँडवर अडकली, की दुसऱ्या आठवड्यात हप्त्यावर स्कूटी घेते आणि तुमच्या आकड्यांत फक्त सकाळचा एक प्रवासी कमी झालेला दिसतो.

वर्षाने पुन्हा मोजणी करा. तोच महिना, तोच वार, तोच चौक, शक्य असेल तर तीच मुलं. तक्त्याचे रकानेही तेच ठेवा आणि जुने कागद फायलीत नीट लावून ठेवा, म्हणजे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून वाचता येतील.